गाऱ्हाण्याची रीत

प्रमाण मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. कचेरीत ते दिले की त्याला आवक क्रमांक मिळतो. पुढचे ज्याचे त्याला ठाऊक. गोव्यात आणि लगतच्या सिंधुदुर्गात मात्र देवापुढे उभे राहून केलेल्या सामूहिक विनवणीलाही गाऱ्हाणेच म्हणतात. दुखणे सांगणे आणि उपकार मानणे ही दोन्ही कामे या एकाच विधीत होतात.

पेडण्याकडच्या देवळात गाऱ्हाणे घालणारा बहुधा गावचा मानकरी किंवा पुजारी असतो. पुढे नारळ, विडा ठेवलेला असतो. आधी देवांची नावे घेतली जातात. ग्रामदेवता, परिवारदेवता, वेशीवरचा राखणदार, कोणी सुटता कामा नये. मग आजवर सांभाळलेस त्याची कबुली, चुकलेमाकले पदरात घेण्याची विनंती, आणि त्यानंतर अडचण. प्रत्येक वाक्यामागे जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. शब्द गावोगाव बदलतात, पण अडचणीची पाळी सहसा उशिराच येते. तोवर आपल्या पाठीशी कोण कोण आहे याची उजळणी झालेली असते. शिवाय मागणे एकट्याचे नसते. ज्याच्या घरात आजारपण आहे तोही शेजाऱ्याच्या गुरांसाठी ‘व्हय’ म्हणतो, आणि आपले दुःख केवढे आहे याचा अंदाज त्याला तिथे येतो. कोणी शिकवून येणारी ही गोष्ट नव्हे.

रोजच्या बोलण्यातही हाच वळसा दिसतो. आभार मानायचे तर कोकणीत ‘देव बरें करूं’ म्हणतात. उपकाराची परतफेड आपल्याच्याने होणार नाही, हे त्यात गृहीत आहे.

अर्थात गाऱ्हाण्याने ट्रकचा हप्ता फिटत नाही. खाणींच्या डिचोली तालुक्याला हे सांगायची गरज नाही. २०१२ मध्ये गोव्यातला खनिज व्यवसाय बंद पडला, मधल्या काळात सुरू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द ठरवल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबला. ट्रकमालक, चालक, गॅरेजवाले, रस्त्याकडेचे चहावाले सगळेच त्यात सापडले. खाणींनी शेते आणि विहिरी बिघडवल्याचे गाऱ्हाणे त्याआधीपासूनचे होतेच. अशा माणसाला ‘आहे त्यात समाधान मान’ असे सांगणे हा आगाऊपणा आहे. गाऱ्हाण्याची रीत तसे सांगतही नाही. ती तक्रार करू देते, फक्त तक्रारीला सगळी जागा अडवू देत नाही.

२०२१ साली या रिवाजाची कसोटी लागली. मे महिन्यात कोरोनाची दुसरी लाट, त्यातच तौक्ते वादळ, आणि २३ जुलैला पूर. शापोरा नदीचे पाणी पेडण्यातल्या इब्रामपूर, हणखणे, चांदेल भागात घुसले, तर डिचोली आणि सत्तरीतही घरे पडली. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी तेव्हा सांगितले होते. त्यानंतर बरोबर सात आठवड्यांनी, १० सप्टेंबरला चतुर्थी आली.

गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात. छताखाली टांगलेल्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंजन, चिबूड आणि रानातून आणलेली कांगले लटकवतात. त्यातच लालभडक कवंडळही असते. ते कडू, खाण्याच्या कामाचे नाही, तरी त्याला नारळाच्या शेजारी जागा मिळते. पोटात जाणारे तेवढेच मोलाचे असा हिशेब माटोळीत चालत नाही. पुरात परसातले गेले तर माटोळी लहान होते, काही जिन्नस बाजारातून येतात, पण रिकामी चौकट कोणी टांगत नाही.

दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम. शेतातल्या नव्या भाताची कणसे वाजतगाजत आणून आधी देवापुढे ठेवतात, मग ती घरोघर जातात. कापणी अजून व्हायची असते, पीक हाती येईलच याची खात्री नसते. तरी मूठभर कणसे आंब्याच्या पानांसोबत दाराला बांधली जातात, आणि वाळून करडी पडली तरी पुढच्या वर्षीची नवी येईपर्यंत ती तिथेच राहतात.