'नेसणे' आणि 'वेष घेणे'

पोशाखाच्या बाबतीत मराठी क्रियापदे फार काटेकोर आहेत. लुगडे नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात. 'वेष' मात्र घेतात. त्यात आपण नसलेले कोणीतरी होणे गृहीत असते. दुसऱ्या समाजाचा पोशाख आपण वापरावा का, या प्रश्नाचा विचार विद्यार्थ्यांनी या क्रियापदांपासून सुरू करावा, असे मला वाटते.

गिरगाव, दादर, परळ येथील शाळांच्या स्नेहसंमेलनांत कोळीनृत्य हमखास असते. मुलांच्या कमरेला चौकड्यांचा रुमाल, डोक्यावर टोपी, हाती वल्हे. मुलींचे गुडघ्यापर्यंतचे लुगडे आणि टोपली. बहुधा सारे भाड्याने आणलेले. लुगडे आखूड का, हे मात्र कोणी विचारत नाही. पाण्याचिखलात वावरणाऱ्या कष्टकरी बाईची ती सोय आहे, नखरा नव्हे.

चौकड्यांच्या वस्त्राची अशीच एक कथा स्कॉटलंडमध्ये घडली. 1745 च्या बंडानंतर, 1746 च्या कायद्याने तेथील डोंगराळ मुलखातील पुरुषांना किल्ट आणि टार्टन वापरण्यास बंदी झाली. ती 1782 मध्ये उठली. पुढे 1822 मध्ये खुद्द राजा चौथा जॉर्ज एडिनबरोत किल्ट घालून मिरवला. आणि त्याच काळात त्या मुलखातील कुळांना मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमिनीवरून हुसकावले जात होते. वस्त्राला मान मिळाला, ते वापरणाऱ्यांना नाही.

मुंबईत याहून निराळे काय आहे? शहराला जिच्यावरून नाव मिळाले, ती मुंबादेवी कोळ्यांची देवता. तरीही 2021 मध्ये दादरचा मासळी बाजार हटवला गेला तेव्हा कोळिणींना विरोधासाठी रस्त्यावर उतरावे लागले. मासळीच्या वासाला नाक मुरडणारे शेजारी आणि आपल्या मुलाच्या कमरेला रुमाल बांधून टाळ्या वाजवणारे पालक ही पुष्कळदा एकच माणसे असतात.

तरीही कोळी वेषावर सरसकट बंदी मला मान्य नाही. वस्त्रे शब्दांप्रमाणेच उसनी घेतली जातात. 'पायजमा' आणि 'सदरा' ही नावेसुद्धा आपण फारसी-अरबीतून घेतली आहेत. हरकत आहे ती न ओळखता घेण्याला. वरळी कोळीवाडा परळहून दूर नाही. तेथील एखाद्या मावशींना योग्य मानधन देऊन शाळेत बोलवावे. त्यांनी मुलींना लुगडे नेसवावे, होडीविषयी, मासळीच्या हंगामाविषयी सांगावे. कमरेवर हात ठेवून भांडणाऱ्या कोळणीचा तो ठरीव विनोद त्यांच्यासमोर करायला कोणी धजणार नाही.