आईचा टॉयलेट मॅप

'थांबा रे, मी एकदा जाऊन येते.'

कॅब खाली येऊन उभी आहे, ड्रायव्हरचे दोन फोन येऊन गेलेत, बाबा लिफ्टचं दार धरून उभे आहेत आणि आई पुन्हा आत. ज्यांच्या घरी हे होत नाही त्यांनी हात वर करा. बघा, फारसं कुणी नाही. आपण यावर जोक मारतो, फॅमिली ग्रुपवर स्मायली टाकतो आणि विषय संपतो.

या पानावर आपण अप्रेझलपासून ब्रेकअपपर्यंत सगळ्यावर गप्पा मारल्यात. आजचा विषय मात्र सॉलिड अनग्लॅमरस आहे. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांची शू आणि शी. हो, हेच शब्द. मेनोपॉझ म्हटलं की आपल्या डोक्यात हॉट फ्लशेस आणि मूड स्विंग्ज एवढंच येतं, कारण तेवढंच सिरियलमध्ये दाखवता येतं. मुलग्यांनो, पान उलटू नका. आई तुम्हालाही आहे. आणि बहुधा तुमची बॉसही त्याच वयाची आहे.

माझी आई ५२ वर्षांची. गेली २६ वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी अप-डाऊन. लोकलमध्ये टॉयलेट नसतं हे तुम्हाआम्हाला आठवतही नाही, तिला रोज आठवतं. कुठल्या स्टेशनवर कुठल्या प्लॅटफॉर्मला सोय आहे, कुठल्या दाराला कडी नाही, कुठे कायम कुलूप असतं, हे सगळं तिला तोंडपाठ. ऑफिसला निघायच्या दिवशी सकाळी एक कप चहा, तोही अर्धा. पाणी थेट ऑफिसात पोहोचल्यावर. सावित्रीबाई फुले कलामंदिरात नाटक असेल तर कडेची खुर्ची मिळाली तरच येणार. यंदा मामाने टेम्पो ट्रॅव्हलर करून अष्टविनायकाचा बेत आखला. आई म्हणाली, 'माझे गुडघे दुखतात.' गुडघे ठणठणीत आहेत.

आणि गंमत म्हणजे तिची ट्रीटमेंट चालू होती! दीड वर्षापूर्वी रात्री दोनला उठून पंखा पाचवर करणं, घामाने गाउन ओला, झोप नाही, या सगळ्यामुळे डॉक्टरांनी एचआरटी, म्हणजे हॉर्मोन्सच्या गोळ्या दिल्या होत्या. झकास लागू पडल्या. घाम गेला, झोप आली, चिडचिड निम्म्यावर. पण त्याच सुमारास शिंकलं, खोकलं, जोरात हसलं की थोडी शू व्हायला लागली. आईने स्वतःचं लॉजिक लावलं: हॉर्मोन कमी झाले म्हणून हा त्रास, हॉर्मोन तर मी घेतेय, तरीही होतंय, म्हणजे हे वयाचं. वयाला औषध नाही. विषय संपला. मग फॉलो-अपला तिने डॉक्टरांना सांगितलंच नाही. आधी एका क्लिनिकमध्ये विचारलं होतं, तिथे 'आता या वयात हे चालायचंच' असं उत्तर मिळालं होतं. त्यानंतर कोण परत विचारणार?

तर आज मला जे सांगायचंय ते हे. हॉट फ्लशेस घालवणारी गोळी आणि ब्लॅडरला मदत करणारं औषध एकच असेल असं नाही. उलट गोळीने शूचा त्रास वाढूही शकतो.

अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा अवाढव्य अभ्यास झाला. त्याच्या हॉर्मोन ट्रायल्समध्ये २७ हजारांहून जास्त बायका होत्या. २००५ साली त्यातले लघवीबद्दलचे निष्कर्ष छापून आले आणि डॉक्टर मंडळीही चक्रावली. तोवर समज असा होता की इस्ट्रोजेन दिलं की ब्लॅडरही सुधारणार. झालं उलटं. ज्या बायकांना आधी काहीच त्रास नव्हता, त्यांच्यापैकी हॉर्मोनची गोळी घेणाऱ्यांमध्ये वर्षभरात खोकताना-शिंकताना गळण्याचं प्रमाण खोट्या गोळीवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघालं. ज्यांना आधीच त्रास होता त्यांचा वाढला. (त्या ट्रायलमधलं इस्ट्रोजेन गाभण घोड्यांच्या लघवीतून काढलेलं होतं. शपथ! या विषयात विनोद शोधावे लागत नाहीत.) आता, त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आईपेक्षा बरंच जास्त, आणि आजच्या सगळ्या गोळ्या तशाच नसतात. पण २०१२ साली कॉक्रनने असे बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही तोंडाने घ्यायच्या त्या इस्ट्रोजेनबद्दल सूर तोच होता. आणि त्याच आढाव्यात दुसरी बाजूही दिसली: इस्ट्रोजेन जागच्या जागी, म्हणजे व्हजायनल क्रीम किंवा गोळीच्या रूपात दिलं तर गळणं कमी होऊ शकतं.

कारण समजायला सोपं आहे. योनीमार्ग, लघवीची नळी, ब्लॅडरचा तळ, हे सगळे शेजारी आणि सगळेच इस्ट्रोजेनवर पोसलेले. भारतात मेनोपॉझ साधारण ४६-४७ च्या आसपास येतो. इस्ट्रोजेन घटलं की तिथलं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, चांगले बॅक्टेरिया कमी होतात, जळजळ होते, घाईची लागते, वरचेवर युरिन इन्फेक्शन होतं. डॉक्टरांनी २०१४ मध्ये या सगळ्या पॅकेजला एक लांबलचक नाव दिलं: जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉझ. हॉट फ्लशेस बहुतेकींचे काही वर्षांत ओसरतात. हे प्रकरण मात्र उपचार नाही केले तर आपणहून सहसा जात नाही.

क्रीमची मात्रा अगदी थोडी असते. सुरुवातीला साधारण दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात फारच कमी उतरतं, त्यामुळे गोळीच्या सोबतीनेही डॉक्टर देऊ शकतात. ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी मात्र आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं. अडचण औषधाची नव्हतीच, अडचण आईची होती. 'या वयात असलं काय लावायचं? आणि केमिस्टकडे कोण जाणार? तो जोशींचा मुलगा बसतो तिथे!' मी गेले. जोशींच्या मुलाने न बघता ट्यूब कागदात गुंडाळून दिली. त्याला क्रिकेटचा स्कोअर जास्त महत्त्वाचा होता.

एक महत्त्वाचं. हे वाचून आईच्या गोळ्या डस्टबिनमध्ये टाकू नका. २००२ साली याच अभ्यासाचा एक भाग ब्रेस्ट कॅन्सरच्या धोक्यामुळे मध्येच थांबवला गेला आणि जगभर एचआरटीची धास्ती बसली. नंतर आकडे वयानुसार नीट तपासले गेले. आता जाणकारांचं मत असं की साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केली, इतर काही धोके नसतील, तर त्रास असलेल्या बहुतेक बायकांना फायदा जास्त. आईची झोप परत आली ती त्या गोळीमुळेच. डोस, प्रकार, गोळी की पॅच, हे डॉक्टर ठरवतील. पण त्यांना कळायला तर हवं ना, की शू गळतेय!

व्यायामाचं म्हणाल तर केगल. आर्नोल्ड केगल या अमेरिकन गायनॅकने १९४८ मध्ये ते मांडले. वारा सरताना चारचौघांत आपण जे स्नायू आवळून धरतो, तेच. आवळा, काही सेकंद धरा, पूर्ण सोडा. एका वेळी किमान आठ, दिवसातून तीनदा आणि निदान तीन महिने. आठवड्यात रिझल्ट मागायची आपली सवय इथे चालत नाही. पोट किंवा मांड्या आवळून उपयोग नाही, श्वास रोखायचा नाही. खूपजणी चुकीचेच स्नायू आवळतात, म्हणून एकदा पेल्व्हिक फ्लोअर जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवणं बेस्ट. आई आता ठाणे ते मुलुंड करते. समोरच्या सीटवरच्या बाईला पत्ता नाही.

आणि ते 'एकदा जाऊन येते'? लागली नसताना जाऊन येणं. ब्लॅडरमध्ये साधारण चारशे-पाचशे मिली सहज मावतं. दर तासाला रिकामं करायची सवय लावली की ते थोड्याशा भरण्यावरच बोंब मारायला शिकतं. यावर उपाय म्हणजे दोन वेळांमधलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू वाढवत नेणं. सहा आठवडे तरी लागतात.

आता शीकडे वळू. शूबद्दल निदान मैत्रिणी कुजबुजतात, इथे तर पूर्ण सायलेन्स. पण दोन्ही जोडलेलं आहे, अगदी शब्दशः. आतडं गच्च भरलेलं असेल तर ते ब्लॅडरला ढकलतं. रोज कुंथून कुंथून तेच खालचे स्नायू सैल पडतात जे शू धरून ठेवतात. आणि बद्धकोष्ठाची कारणं आईच्या औषधांच्या डब्यातच सापडली. कॅल्शियमची गोळी: कोठा धरणारी. एचआरटीमधलं प्रोजेस्टेरॉन: गर्भाशय असेल तर अस्तराच्या संरक्षणासाठी ते घ्यावंच लागतं, पण त्याने काहीजणींचं पोट फुगतं आणि आतडं मंदावतं. त्यात गळू नये म्हणून पाणी कमी. घट्ट लघवी ब्लॅडरला आणखी टोचते, म्हणजे घाई आणखी वाढते. वर आठवड्यातून दोन उपास आणि साबुदाण्याची खिचडी, ज्यात फायबर जवळपास शून्य. सगळी टीम एकाच गोलपोस्टवर! पुढची गंमत ऐका. घाईच्या शूसाठी ज्या जुन्या प्रकारच्या गोळ्या देतात, त्यातल्या अनेकांनी तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठ वाढतं. म्हणून ती गोळी लिहिताना डॉक्टरांना पोटाचंही सांगायचं.

दुसऱ्या टोकाचा त्रासही असतो. अचानक घाई होणं, वारा किंवा शी न थांबणं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या अभ्यासात, मेनोपॉझनंतर हॉर्मोन थेरपी घेणाऱ्यांमध्ये शी न थांबण्याचं प्रमाण थोडं जास्त आढळलं. यावरूनच गोळी दोषी असं सिद्ध होत नाही, पण तुमच्या आईला असं होत असेल तर ती एकटी नाही. आणि हे सांगायला तिला शूपेक्षा दहापट जास्त धीर लागेल, एवढं लक्षात ठेवा.

आमच्याकडे कामाला आलेल्या गोष्टी साध्या होत्या. इसबगोल, पण भरपूर पाण्यासोबत. कोरडं घेतलं तर ते स्वतःच अडकून बसतं. उपासाला साबुदाण्याऐवजी वरई आणि पपई. पाणी दिवसभर थोडं थोडं, रात्री कमी. चहा चारावरून दोनवर, कारण कॅफिन ब्लॅडरला चिथावतं. आणि देवघरातला जुना पाट थेट बाथरूममध्ये! गुडघ्यांच्या नावाने सगळ्यांनी कमोड बसवले, पण उकिडवं बसल्यावर आतड्याचा मार्ग सरळ होतो तसा खुर्चीत बसून होत नाही. पाटावर पाय ठेवले, किंचित पुढे वाकलं, की बरंच काम होतं. आजीला मात्र पाटाची बदली अजून मान्य नाही.

पण सगळं काही आईच्या स्नायूंवर ढकलू नका. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'वाल्या बायका महापालिकेच्या मागे लागल्या आहेत. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित टॉयलेट्सची सोय करायला बजावलं. तरी आईचा मॅप आजही पाठ करावाच लागतो. आणि शहर सोडा, आपल्या चकाचक ऑफिसांत काय? अडीच तासांचा रिव्ह्यू, ब्रेक नाही, मध्ये उठलं की 'मॅडम डिस्ट्रॅक्टेड आहेत'. पुढची मीटिंग तुम्ही लावणार असाल तर सव्वा तासाने दहा मिनिटं ठेवा. कारण सांगायची गरज नाही.

काही गोष्टींना मात्र केगल आणि इसबगोल करत बसायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचे: लघवीत किंवा शीतून रक्त, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव (गोळ्या चालू असल्या तरी सांगायचंच), कारण नसताना वजन उतरणं, शीची सवय अचानक बदलून तशीच राहणं, आणि आठवडेच्या आठवडे पोट फुगलेलं आणि सारखी शू. शेवटचं लक्षण ओव्हरीच्या कॅन्सरचंही असू शकतं, आणि बायका गॅस समजून महिनेच्या महिने ओवा खात बसतात.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवसांची नोंद करून न्या. किती वाजता, साधारण किती, घाई होती का, गळलं का, काय प्यायलं, पोट साफ झालं का. सोबत सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स, कॅल्शियमसकट. आईने नोंद कालनिर्णयवर केली, दुधाच्या हिशोबाशेजारी, कुणाला कळू नये म्हणून कोडवर्डमध्ये. बाबा दोन दिवस विचारत होते, हा 'ग' म्हणजे कुठला भैया?

आणि हो, अपॉइंटमेंट घेताना क्लिनिकमधलं टॉयलेट कुठल्या मजल्यावर आहे तेही फोनवरच विचारून ठेवा. सोनोग्राफी सांगितली तर लिटरभर पाणी पिऊन बाकावर बसायचंय.