हाडापर्यंत पोहोचणारी जखम

सम्मेदशिखरजीची २७ किलोमीटरांची वंदना अनवाणी पूर्ण करून आलेल्या यात्रेकरूस पायाच्या फोडांचे काही वाटत नाही. बहुतेकांचे फोड भरूनही येतात. परंतु ज्यास अनेक वर्षांचा मधुमेह आहे, त्याच्या तळव्याची संवेदना मंदावलेली असते. दुखत नाही म्हणून जखम नाही, असे मानून तो दुसऱ्या दिवशी दुकानाच्या गादीवर बसतो. अस्थिसंसर्गाचा, अर्थात ऑस्टिओमायलायटिसचा, प्रारंभ अशाच दुर्लक्षित जखमेतून होऊ शकतो.

हाडात जंतू तीन मार्गांनी शिरतात : रक्तावाटे, शेजारच्या जखमेतून आणि उघड्या अस्थिभंगातून वा शस्त्रक्रियेच्या वेळी. बालकांत बहुधा लांब हाडांची टोके, प्रौढांत मणके आणि मधुमेहींत पावलाची हाडे ग्रासली जातात. पू साचून हाडाचा रक्तपुरवठा खुंटला की तो भाग मृत होतो आणि तेथे औषध पोहोचत नाही. म्हणूनच प्रतिजैविके अनेकदा ६ आठवडे घ्यावी लागतात, कधी मृत हाड काढावे लागते, आणि फार विलंब झाल्यास बोट वा पाऊलही गमवावे लागते. पहिल्या २ आठवड्यांत एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. त्यामुळे जखम भरत नसेल, तर एमआरआयविषयी डॉक्टरांना विचारावे.

प्रतिबंध मात्र सोपा आहे. सायंकाळच्या प्रतिक्रमणात दिवसभराच्या दोषांची आलोचना होते. त्याच वेळी दोन मिनिटे तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. पाय धुऊन कोरडे करावेत, कुरूप ब्लेडने कापू नये, रक्तशर्करा आटोक्यात ठेवावी. मधुमेहींनी यात्रेपूर्वी पाय तपासून घ्यावेत. डोलीने केलेल्या वंदनेत भाव उणा पडत नाही. चौविहार असल्यास औषधाच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात, स्वतःहून मात्रा गाळू नये. जिलेटिनची कॅप्सूल नको असल्यास गोळीचा पर्याय विचारावा.

घरातील वडीलधारे ‘काही नाही, होईल बरे’ म्हणून जखम झाकतात. अशा वेळी मुलाने वा सुनेने जवळ बसून त्यांचा तळवा उजेडात पाहावा. वैयावच्च म्हणतात ती हीच.