जिन्यातल्या दिव्याची चाचणी मेन स्विच पाडून घ्या



नंदुरबार, शहादा, नवापूर इथल्या बाजारपेठांत आता दोन-तीन मजल्यांची व्यापारी संकुलं सर्रास दिसतात. खाली कापडाची नि मोबाइलची दुकानं, मधल्या मजल्यावर पतसंस्था किंवा दवाखाना, सगळ्यात वर कोचिंग क्लास, आणि बहुतेक ठिकाणी या सगळ्यांत मिळून एकच जिना. अशा इमारतींत मी वायरिंगची कामं करतो. रात्री आग लागली तर या जिन्यात उजेड कुठून येणार, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘इन्व्हर्टर आहे ना!’ हे उत्तर धोक्याचं आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

इन्व्हर्टर बसवतात तो लाईट गेल्यावर धंदा खोळंबू नये म्हणून. पंखा, काउंटरवरचा दिवा, बिलिंगचा संगणक एवढीच त्याची धाव. त्याची वायर मेनच्याच डक्टमधून, त्याच बोर्डावरून जाते. शॉर्ट सर्किटने आग लागली की तीच वायर आधी जळते. शिवाय पाणी मारण्यापूर्वी मेन स्विचबरोबर इन्व्हर्टरही बंद करावाच लागतो. म्हणजे गरजेच्या क्षणी जिना काळोखात जातो. याउलट आपत्कालीन दिव्याच्या आत त्याची स्वतःची बॅटरी असते. बाकीची इमारत पूर्ण बंद पडली तरी तो एकटा जळत राहतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (2016) तो किमान दीड तास चालला पाहिजे.

अंधाराने काय होतं ते 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात दिसलं. आग लागली तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला. माणसं मात्र बाल्कनीत गुदमरून गेली, 59 माणसं. वीज गेली, आपत्कालीन दिवे नव्हते, जादा खुर्च्या टाकून बाहेर पडायची एक वाट बंद केलेली होती. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या; त्यांना धुराने गाठलं.

दिल्ली लांब वाटत असेल तर सुरत पाहा. आपली निम्मी खरेदी आणि कितीतरी जणांची रोजीरोटी तिथली. 24 मे 2019 रोजी तिथल्या तक्षशिला संकुलातल्या कोचिंग क्लासमध्ये आगीत 22 मुलं गेली. काहींनी वरून उड्या मारल्या, ती दृश्यं आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. तिथे जिनाच पेटला होता, नुसत्या दिव्याने ती मुलं वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण ‘आपल्याकडे कुठे उंच इमारती आहेत’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की ती इमारत चारच मजल्यांची होती.

आता कायद्याविषयी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा आहे. कायद्याच्या कक्षेतल्या इमारतीतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, नमुना ‘ब’, मालकाने किंवा ताबेदाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. मालक म्हणतो भाडेकरूने पाहावं, भाडेकरू म्हणतो मालकाने पाहावं. कायदा दोघांचीही नावं घेतो. पण प्रमाणपत्र मिळालं म्हणजे दिवा लागतोच असं नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 रोजी आगीत दहा नवजात बाळं गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. तरीही त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून 11 रुग्ण दगावले.

मी स्वतः पाहिलेलं सांगतो. इमारतीचं नाव घेत नाही, कारण अशा अनेक आहेत. वरच्या मजल्यावर क्लास, जिन्याच्या वळणावर आपत्कालीन दिवा, त्यावर हिरवा ठिपका चमकतोय. मेन पाडल्यावर दिवा क्षणभर लालसर पेटला आणि विझला. उघडून पाहिलं तर बॅटरी फुगलेली, टर्मिनलवर पांढरी पूड. हिरवा ठिपका फक्त चार्जिंग चालू असल्याचं सांगतो, बॅटरीत जीव आहे की नाही ते सांगत नाही. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. पत्र्याखालच्या जिन्यात मे महिन्यात बॅटरी लवकर मरते. त्याच्या खालच्या मजल्यावरच्या दिव्याचा प्लग काढून तिथे कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावला होता. म्हणून हा दिवा प्लगवर नकोच, मध्ये बटणही नको. तो जिन्याच्याच सर्किटवर थेट जोडावा, म्हणजे नुसता जिन्याचा एमसीबी पडला तरी लागेल. बाहेर जाण्याची वाट दाखवणाऱ्या पाट्या छताजवळ असतात. धूर आधी तिथेच साचतो, त्यामुळे खाली, फरशीजवळही खूण हवी. रेडियमची पट्टी चालेल, पण तिच्यावर एरवी उजेड पडत असेल तरच ती अंधारात चमकते. आणि दिवाळीच्या सेलचे बॅनर कृपा करून या पाट्यांवर लावू नका.

व्यापारी बंधूंची तक्रार मला ठाऊक आहे: आणखी एक खर्च, आणि तपासणीच्या नावाखाली आणखी एक त्रास. त्रासाची भीती खोटी नाही. म्हणूनच मी म्हणतो की चाचणी सगळ्यांसमोर व्हावी. खर्चाचं म्हणाल तर दुकानावरच्या झगमगत्या बोर्डापुढे जिन्यातल्या दोन-तीन दिव्यांचा खर्च काहीच नाही.

नगरपालिकांना माझी विनंती आहे. येत्या जानेवारीत नमुना ‘ब’ नुसता फाइलला लावून घेऊ नका. अग्निशमन कर्मचाऱ्याने संध्याकाळी इमारतीत यावं, दुकानदारांसमोर मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करावेत आणि दीड तास थांबावं. जिथे दिवा विझेल तिथे प्रमाणपत्र नाकारावं आणि तसं जिन्याच्या दारावर लिहून लावावं. सुरुवात कोचिंग क्लास आणि दवाखान्यांपासून करा. 2020 मध्ये बाकीचे जिल्हे गाफील असताना याच नंदुरबारने ऑक्सिजन प्लांट उभारला आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याचा उपयोग सगळ्यांनी पाहिला. त्यापुढे हे काम फार लहान आहे.

आणि पालकांनो, मुलाला क्लासला सोडायला गेलात की एकदा वरपर्यंत चढून जा. जिन्यातल्या दिव्यावरचं ‘टेस्ट’चं बटण दाबा. दिवा लागला नाही, तर फी भरण्याआधी क्लासचालकाला त्याचा जाब विचारा.

– एक वायरमन, नंदुरबार