इन्सुलिन आणि कॉकपिट



‘इन्सुलिन घेणाऱ्याने वैमानिक होण्याचा नादच सोडावा’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मुळीच पटले नाही. ब्रिटनने २०१२पासून अशा वैमानिकांना व्यावसायिक उड्डाणासाठी लागणारे क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्र देणे सुरू केले; अमेरिकेने २०१९मध्ये तसा निर्णय जाहीर केला. त्यासाठी अटी कडक आहेत. ब्रिटनमध्ये उड्डाणाआधी, मग दर तासाला आणि उतरण्यापूर्वी अर्धा तास रक्तातील साखर तपासायची. ती घसरली की कॉकपिटमध्येच गोड खायचे. इतकी शिस्त पाळणाऱ्याला सरसकट धोकादायक म्हणणे अन्यायाचे आहे.

आपल्याकडचे नियम याहून कडक आहेत, म्हणून पालकांना कळकळीची विनंती: फ्लाइंग स्कूलची लाखोंची फी भरण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) क्लास वन तपासणी उरकून घ्या आणि तिथे आजार लपवू नका.

– एका मधुमेही मुलीची आई, नाशिक