शिकारीची तयारी व गांवाची तयारी

शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड व जांबूत या गांवांचीं नांवें २०२५ सालच्या ऑक्टोबरांत सर्व महाराष्ट्राच्या तोंडीं झालीं. १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या तीन आठवड्यांत बिबट्यानें तेथें तीन माणसें मारलीं. त्यांत एक लहान मुलगी होती, एक वृद्ध स्त्री होती व एक तेरा वर्षांचा मुलगा होता. लोकांचा संताप अनावर झाला, पुणें-नाशिक रस्ता अडविला गेला, वनखात्याची गाडी जाळली गेली, आणि ४ नोव्हेंबरच्या रात्रीं खात्याच्या पथकानें ड्रोनच्या उष्णतादर्शक यंत्रानें एका नर बिबट्याचा माग काढला. भुलीचा बाण मारला तो चुकला, श्वापद चवताळून अंगावर आलें, आणि नेमबाजांनीं त्यास गोळी घातली. गांवानें सुटकेचा निश्वास टाकला, व तो टाकण्याचा त्यास पूर्ण अधिकार होता. परंतु एक बिबट्या पडला म्हणजे प्रकरण संपलें, असें मानणाऱ्यांत आम्ही नाहीं.

शिकारीचे दिवस संपले असें आपण म्हणतों, आणि तें खरेंही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हौसेची शिकार बंद केली, ही गोष्ट इष्टच झाली. पण त्याच कायद्याच्या ११ व्या कलमानें एक दार उघडें ठेविलें आहे. श्वापद मनुष्याच्या जीवितास धोकादायक झालें, आणि त्यास पकडणें, बेशुद्ध करणें वा अन्यत्र हलविणें शक्य नाहीं अशी खात्री झाली, तर मुख्य वन्यजीव रक्षकानें कारणें नमूद करून लेखी परवानगी द्यावयाची आहे. म्हणजे आतां शिकार करते ती हौशी संस्थानिकांची मंडळी नव्हे, तर प्रत्यक्ष सरकार. पूर्वीच्या शिकाऱ्याची तयारी कच्ची राहिली तर जीव त्याचा जाई. सरकारची तयारी कच्ची राहिली तर जीव रयतेचा जातो. यासाठीं या मोहिमांच्या सामग्रीविषयीं व पूर्वतयारीविषयीं प्रश्न विचारणें हें वृत्तपत्राचें कर्तव्य आहे. त्यास कोणी खात्यावरील टीका म्हणेल तर म्हणो.

सामग्री पुष्कळ असणें आणि ती उपयोगीं पडणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. यवतमाळ जिल्ह्यांतील पांढरकवडा भागांत २०१८ सालीं अवनी नांवाच्या वाघिणीवर जी मोहीम झाली, तिच्यांत हत्ती आणले, परदेशी जातीचे कुत्रे आणले, हवेंत उडणारीं यंत्रें आणलीं, इतकेंच काय, सुगंधी अत्तराच्या बाटल्यासुद्धां आणल्या. आणलेल्या हत्तींपैकीं एक साखळी तोडून सुटला आणि त्यानें एका निरपराध स्त्रीचा जीव घेतला. वाघिणीनें जें केलें असतें तें तिच्या पारध्यांच्या साधनानेंच केलें! अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं वाघीण मारली गेली, तेव्हां राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशींत असें निघालें की, त्या रात्रीं पथकाबरोबर पशुवैद्य नव्हता, आणि बाणांतील औषध विहित मुदतीहून पुष्कळ आधीं भरलेलें होतें. लक्षावधि रुपयांचा सरंजाम, आणि सुईंतलें औषध शिळें! जिम कॉर्बेट यांच्यासारख्या मुरलेल्या शिकाऱ्यावरही १९२६ सालीं रुद्रप्रयागच्या बिबट्यावर गोळी झाडतांना विजेरी क्षणभर पेटून विझण्याचा प्रसंग आला होता. तेव्हां चूक होणारच नाहीं असा आमचा आग्रह नाहीं. मात्र एकाकी शिकाऱ्यास जी चूक क्षम्य, ती खात्यास क्षम्य नाहीं, कारण खात्यास वर्षभर वेळ असतो व जिन्नस तपासण्यास माणसें असतात.

भुलीच्या बाणाविषयीं आपल्या लोकांत जी समजूत आहे, ती चित्रपटांतून आलेली दिसते. बाण लागला कीं जनावर जागच्या जागीं कोसळतें, असें कित्येक सुशिक्षितांसही वाटतें. वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. औषधाची मात्रा जनावराच्या वजनाच्या अंदाजानें भरावयाची असते. बंदुकीचा दाब अंतर मोजून ठरवावा लागतो, कारण दाब कमी पडला तर बाण वाटेंत पडतो व जास्त झाला तर तो शरीरांत खोल घुसून इजा करतो. आणि बाण मांसल भागांत बसला तरी गुंगी येण्यास कांहीं मिनिटें लागतात. तीं कांहीं मिनिटें बिबट्या पुरुषभर उंच उसांत, अंधारांत, जखमी व भ्यालेला असतो. त्यांत भोंवतीं शेंकडों माणसें आरडाओरड करीत असलीं, तर भ्यालेल्या जनावरावर औषध लवकर चढत नाहीं, हें कोणताही पशुवैद्य सांगेल. येथें आम्हांस आमच्या वाचकांनाच दोन शब्द ऐकवावयाचे आहेत. बिबट्या दिसला अशी हांक उठतांच हातांत मोबाइल घेऊन उसाच्या बांधावर धांवणारा तरुण हा त्या मोहिमेंतील सर्वांत मोठा अडथळा होय. त्यास शौर्य म्हणतां येत नाहीं. त्याच्यामुळें नेमबाजास नेम धरतां येत नाहीं, आणि जनावरास पळून जाण्यास वाट राहत नाहीं. ज्याची वाट अडली तें जनावर माणसावर येतें. गर्दी हटविण्यास पुरेसे पोलीस मोहिमेच्या आरंभींच हजर असणें, ही बंदुकीइतकीच आवश्यक सामग्री आहे.

पिंजऱ्याची गोष्टही तीच. लोकांनीं मागणी केली कीं पिंजरा येतो, आंत बकरें बांधलें जातें, आणि कांहीं दिवसांनीं एक बिबट्या सांपडतो. तो कोणता? ज्यानें माणूस मारला तोच, कीं रस्त्यानें जाणारा दुसरा? शिरूर, जुन्नर, आंबेगांव व खेड हे चार तालुके मिळून झालेल्या जुन्नर वनविभागांत उसाच्या फडांत जन्मलेल्या बिबट्यांची संख्या इतकी आहे कीं, पावलांचे ठसे, चित्रें व जखमेवरील लाळेची तपासणी यांवांचून ओळख पटविणें म्हणजे केवळ तर्क होय. आणि पकडलेला बिबट्या दूर सोडून दिला म्हणजे संकट टळतें हा समज तर जुन्नरनेंच खोटा ठरविला आहे. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें, २००१ च्या आधीं या भागांत माणसांवरील हल्ले वर्षास सरासरी ४ होत असत. बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याचा उपक्रम सुरू झाल्यावर २००१ ते २००३ या काळांत ते सरासरी १७ वर गेले. अनोळखी मुलखांत सोडलेलें, पिंजऱ्यांत तोंड आपटून घेतलेलें जनावर शांत राहील ही अपेक्षाच चुकीची होती.

ओळख पटविण्याविषयीं दौंडचें उदाहरण विसरतां येण्यासारखें नाहीं. त्या तालुक्यांत २०२४ च्या डिसेंबरांत शेतांत एका स्त्रीचें प्रेत सांपडलें व बिबट्यानें मारलें असा सर्वत्र बोभाटा झाला. पुढें नागपूरच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यांत श्वापदाचा कांहीं संबंध आढळला नाहीं, आणि पोलिसांस खुनाचा तपास हातीं घ्यावा लागला. तो अहवाल मागविला नसता तर एखादा बिबट्या त्या खुनाची शिक्षा भोगून मोकळा झाला असता आणि माणूस सुटला असता. गांवकऱ्यांच्या दुःखाबद्दल आमच्या मनांत सहानुभूतीशिवाय दुसरें कांहीं नाहीं. तथापि पुरावा आधीं व बंदूक मागून, हा क्रम सोडतां येणार नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. सरकारची तयारी चालते ती माणूस मेल्यानंतर. गांवाची तयारी त्यापूर्वी कोणी केली? घोड व कुकडीच्या पाण्यावर या भागांत ऊस वाढला, आणि अडसाली ऊस दीड वर्ष उभा राहतो, तेव्हां बिबट्यास त्याच्याहून दाट रान कोठें मिळणार? शेतकऱ्याच्या पंपास वीज मिळते ती पुष्कळ ठिकाणीं रात्रीं. म्हणून ज्या वेळीं श्वापद फिरतें त्याच वेळीं तो पाणी धरण्यास उसांत उतरतो. बिबट्या बहुधा वांकलेल्या वा बसलेल्या माणसावर झडप घालतो. गवत कापणारी बाई, बांधाच्या आडोशास बसलेलें मूल, शौचास बाहेर गेलेली स्त्री, यांचीच नांवें म्हणून बळींच्या यादींत येतात. पिंपरखेडच्या स्त्रियांनीं २०२५ च्या नोव्हेंबरांत गळ्यांत लोखंडी खिळ्यांचे पट्टे घालून शेतांत जाण्यास आरंभ केला. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यांत असतो तसा पट्टा माणसाच्या गळ्यांत! त्या मातांच्या चातुर्यास आम्ही नमस्कार करतों. पण ज्या राज्यांत बाईस असा दागिना घालावा लागतो, त्या राज्याच्या कारभाऱ्यांनीं तें छायाचित्र आपल्या कचेरींत लावून ठेवावें.

या सर्वांत ज्यांचा उच्चार फारसा कोणी करीत नाहीं ते म्हणजे ऊसतोडणी कामगार. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून दरवर्षीं टोळ्या येतात, आणि फडाच्या कडेस पाचटाच्या कोप्यांत राहतात. कोपीस दार नसतें, दिवा नसतो, शौचकूप नसतो. आई पहांटेच्या अंधारांत कोयता घेऊन फडांत शिरते व तान्हें मूल बैलगाडीच्या सावलींत निजलेलें असतें. त्यांस मतदार म्हणून तालुका विचारीत नाहीं, कारण त्यांचीं मतें दुसऱ्या जिल्ह्यांत; कारखाना विचारीत नाहीं, कारण ते मुकादमाचे; आणि मुकादम विचारीत नाहीं, कारण त्यानें उचल दिलेली असते. बंदुकी, ड्रोन व पिंजरे यांच्या खरेदीच्या चर्चेंत कोप्यांना पत्र्याचें दार व कुंपण घालण्याचा खर्च कोणी मांडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तो एका मोहिमेच्या खर्चाहून अधिक होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

शेतीस दिवसा वीज, वस्तीवर दिवे, शेळ्यांस बंदिस्त गोठे, मुलांना शाळेंतून घरीं पोंचविण्याची व्यवस्था, घरोघर चालू स्थितींतला शौचकूप, या मागण्या नवीन नाहींत, ग्रामसभांनीं त्या अनेकदां केल्या आहेत. त्यांच्या जोडीस आम्ही एवढेंच सुचवितों कीं, शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांत गळीत हंगामाच्या आधीं तहसीलदार, वनाधिकारी व कारखान्याचे शेतकी अधिकारी यांनीं एकत्र फिरून प्रत्येक कोपीतळ पाहावा, आणि ज्या तळावर दिवा, कुंपण व शौचकूप नाहीं तेथें टोळी उतरूं देऊं नये. हंगाम सुरू झाल्यावर पाहणी करणें म्हणजे पुन्हां पिंजऱ्याचीच वाट पाहणें.