घरी बसून मानसशास्त्र शिकू नये म्हणे

आमच्या मोहल्ल्यातल्या एका भाभीने काही वर्षांपूर्वी दूरशिक्षणाने मानसशास्त्रात बीए केलं. लग्नानंतर, दोन मुलं पदरात असताना. अभ्यास केंद्रावर प्रात्यक्षिक असलं की आधी घरी सराव करायची. प्रयोग ज्याच्यावर करायचा त्याला 'प्रयुक्त' म्हणतात, आणि तो प्रयुक्त बहुतेक वेळा मीच. एका प्रयोगात रंगांची नावं भलत्याच शाईत लिहिलेली होती. हिरव्या शाईत 'लाल', निळ्या शाईत 'पिवळा'. शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. मी दर तिसऱ्या शब्दाला अडखळत होतो आणि ती मोबाइलवर सेकंद मोजत होती. "पढो मत भाईजान, रंग देखो," असं किती वेळा म्हणाली असेल!

हे आठवायचं कारण म्हणजे ऑगस्ट 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दिलेला आदेश. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र असे आरोग्याशी निगडित विषय दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवायचे नाहीत, त्याच वर्षाच्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून. दूरशिक्षणाचं बीए बंद झालेलं नाही. इतिहास घ्या, राज्यशास्त्र घ्या, फक्त मानसशास्त्र नको. आधार आहे 2021 च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याचा. त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आहे, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी हा कायदा किमान 3,600 तासांचं शिक्षण मागतो.

आयोगाची बाजू मला समजते, आणि ती पोकळ नाही. मानसशास्त्राची पदवी म्हणजे लोकांना वाटतं तशी 'मन वाचण्याची विद्या' नव्हे. नव्या धोरणात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक लागतात, चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायची तर 160. त्यात सामान्य, सामाजिक, विकासात्मक, अपसामान्य असं मानसशास्त्र असतंच. पण मुली रडतात ते संख्याशास्त्रापाशी. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध. बारावी कलाशाखेतून केलेल्या आणि गणिताशी कायमची तलाक घेतलेल्या मुलीला हा धक्का असतो. शिवाय प्रयोग, मानसिक चाचण्या, निष्कर्ष लिहिलेलं आणि सही झालेलं जर्नल. हे सगळं नीट व्हायला समोर शिक्षक लागतो. काही ठिकाणी जर्नल विकत मिळायची, हेही मला माहीत आहे.

पण त्यावर उपाय दार बंद करण्याचा? बीए झालेली बाई कुणावर उपचार करत नाही. तिला तो अधिकारच नाही. पुढे दोन वर्षांचं एमए, आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं आणखी शिक्षण. ती चाळणी जिथे लावायची तिथे जरूर लावा, आणखी बारीक करा. पण पहिल्या पायरीवरच 'रोज वर्गात बस' ही अट घातली, की ज्यांना बसता येत नाही त्या पायरीवरूनच परत जातात. दूरशिक्षणाने बीएड करणाऱ्या शिक्षकांना कार्यशाळांना हजर राहावंच लागतं. तसंच इथे करा ना! पुस्तकं घरी वाचू द्या, आणि सुट्टीत पंधरा-वीस दिवस जिल्ह्याच्या महाविद्यालयात सगळी प्रात्यक्षिकं शिक्षकासमोर सक्तीची करा. आमच्या बायका दर्ग्याला, लग्नाला, माहेरी जातात, तशा पंधरा दिवस प्रयोगशाळेतही जातील. तीन वर्षं रोज नाही जाऊ शकत.

आणि या बायका परत गेल्या तर नुकसान कुणाचं? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं, की वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण 70 ते 92 टक्के आहे. आमच्या मोहल्ल्यात तर 'आजार' हा शब्दच शेवटी येतो. आधी 'नजर', मग 'असर', मग बाबा, तावीज, पाण्यावर दम. बाळंतपणानंतर सून रडत राहिली, बाळाला जवळ घेईना, तर घरच्यांनी तिला तीन दर्ग्यांना फिरवलं. दुआ करायला माझी ना नाही. पण दुआ करा आणि दवाही करा, हे सांगणारं कुणीतरी घरात शिरणारं, बायकांच्या ओळखीचं, त्यांच्याच बोलीत बोलणारं हवं. "दिल घबराता" म्हणजे काय आणि "हातपाय में जान नहीं" म्हणजे काय, हे शहरातल्या समुपदेशकाला समजावून सांगावं लागतं. भाभीला लागत नाही.

त्या सुनेजवळ भाभीच जाऊन बसली. उपचाराचा आव आणला नाही. सासूला एवढंच म्हणाली, की हे बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना होतं, याला डॉक्टर असतो. टेलिमानसचा 14416 हा नंबर स्वतः लावून दिला आणि सिव्हिलला सोबत गेली. बीएच्या तीन वर्षांतलं किती त्या दिवशी कामी आलं, हे कुठल्या श्रेयांकात मोजणार?

आता भाभीच्या शेजारची एक मुलगी बारावी झाली आहे. तिलाही हाच विषय हवाय. आमच्या गावच्या महाविद्यालयात मानसशास्त्र नाही, तालुक्याच्या नाही, आहे ते पन्नास किलोमीटरवर. परवा तिची अम्मी मला विचारत होती, तिकडून परतीची शेवटची एसटी किती वाजता असते.